कुंडीतले परसदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलायचे तर वक्त्याने इतिहास, साहित्य किंवा निदान नाट्यसंगीत तरी हाती घ्यावे, असा संकेत आहे. कार्यवाहांनी आमच्या विषयाची चौकशी केली तेव्हा "कुंडीतली भाजी" एवढेच आम्ही सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "हरकत नाही, महिलावर्गाला उपयोगी पडेल." त्यांचे सौजन्य आम्हांस मान्य आहे, परंतु आज समोर पुरुषमंडळीही बसली आहेत आणि डब्याला भोक पाडणे हे काम त्यांना जमण्यासारखे आहे, हे आरंभीच नमूद करतो.

आपण कधी बागकाम केलेले नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी घरचे तुळशीवृंदावन आठवावे. मर्यादित माती, रोजचे पाणी, सकाळचे ऊन आणि येताजाता पडणारी घरच्यांची नजर, एवढ्यावर ते रोप वर्षानुवर्षे उभे असते. कुंडीतील शेतीचे सारे शास्त्र त्यात आलेले आहे. फरक एवढाच, की तुळशीला पाणी घालावयास आपण विसरत नाही आणि टोमॅटोला विसरतो.

आम्ही उभयता १९७८ साली अभनपुरास आलो तेव्हा मंडळ दोन वर्षांचे होते आणि रायपूरहून येण्याचे आमचे साधन म्हणजे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. एक फाटा धमतरीकडे जाई, दुसरा अभनपुराहून राजिमकडे. भाजीच्या टोपल्या आणि मराठी मास्तर एकाच डब्यात बसलेले आम्ही पाहिले आहेत. ती गाडी गेली. मधली काही वर्षे रुळांविना गेली आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर दरम्यान मोठ्या रुळांवरची गाडी सुरू झाली. त्या दिवशी स्थानकावर गेलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे कशाने ओलावले, हे आम्हांस ठाऊक आहे.

भाड्याच्या त्या पहिल्या घरामागे मोकळी जागा होती. आपण तिला परसदार म्हणतो, इथले लोक बारी म्हणतात. वर्ध्याकडून निघताना आमच्या आईने लुगड्याच्या चिंधीत अंबाडीचे बी बांधून दिले होते. परमुलखात ज्वारी मिळेल न मिळेल, अंबाडी तरी असावी, हा तिचा हिशेब. पहिल्या पावसात ते बी आम्ही बारीत टाकले. महिन्याभराने शेजारच्या काकी कुडावरून डोकावल्या आणि हसून म्हणाल्या, "एला तो हमन अमारी कहिथन." आम्ही जे गाठोड्यात बांधून आणले ते इथे घरोघरी होतेच!

त्यानंतर आम्हांस नावे जुळविण्याचा छंदच लागला. आपला शेवगा तो इथला मुनगा. अळू ते कोचई. लाल माठ ती लाल भाजी. मायाळू ती पोई. सुरण ते जिमीकंद. आणि उकिरडा तो घुरवा. कोचईच्या पानांना वाटलेली उडदाची डाळ लावून, गुंडाळी करून, वाफवून ताकाच्या कढीत सोडतात, त्या पदार्थाचे नाव इडहर. आपल्या अळूवडीची ही सख्खी मावसबहीण आहे. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहिले, तेव्हा मराठी पाऊल या मुलखात आमच्या कितीतरी आधी पडलेले. त्यांच्या मुदपाकखान्यात अळूवडी होत असे की इडहर, हे इतिहासकारांनी लिहून ठेवायला हवे होते.

पुढे आम्ही स्वतःचे घर बांधले. त्यालाही लहानशी बारी होती. २००४ साली चिरंजीवांच्या लग्नाच्या वेळी दोन खोल्या वाढविल्या, उरलेल्या जागेत गाडी उभी करण्यासाठी फरशी झाली आणि अंबाडीची शेवटची रोपे बांधकामाच्या वाळूखाली गेली. बी धरून ठेवण्याचे त्या गडबडीत कोणालाच सुचले नाही. आई तोवर गेली होती. त्या वेळी त्याचे फारसे काही वाटले नाही, हेच पुढे अधिक लागले.

आपल्यापैकी बहुतेकांची हकीकत याहून वेगळी नसावी. नव्या राजधानीसाठी अभनपूर आणि आरंग भागातील अनेक गावांची जमीन गेली, वस्ती दाटली, घरे उंच झाली. २०१९ साली राज्यशासनाने नरवा, गरुवा, घुरवा आणि बारी या चार शब्दांची योजना काढली तेव्हा ती खेड्यांसाठी होती. आम्ही मात्र मनात म्हटले, की बारी नसलेल्यांनी आता गच्चीवर जावे. खरे तर आम्ही त्याआधीच, २०१७ च्या जूनमध्ये गच्चीवर गेलो होतो आणि पराभूत होऊन खाली उतरलो होतो. तो पराभव थोडा विस्ताराने सांगतो, कारण नवशिक्याला त्यातच अधिक मिळेल.

आम्ही बारा मोठ्या सिमेंटच्या कुंड्या आणल्या आणि ओळखीच्या शेतातून कन्हार माती आणवली. कन्हार म्हणजे आपली काळी, चिकण, कसदार जमीन. शेतात ती धान पिकविते. कुंडीत तिचा श्रावणात चिखल आणि ऑक्टोबरच्या उन्हात दगड झाला. दगडाला भेगा पडल्या. भेगांतून पाणी सरळ तळाला जाई आणि मुळे कोरडीच राहत. वरून पाहावे तर कुंडी ओली, आत रोप तहानलेले. आम्ही आणखी पाणी घालीत होतो. एका दुकानातून आणलेल्या रंगीत पाकिटातील कोथिंबीर उगवलीच नाही. वांगी पिवळी पडली. शेवटी खालच्या खोलीच्या छताला ओल आली आणि चिरंजीवांचा पुण्याहून दूरध्वनी आला, "बाबा, तुम्ही दोघे आता हे कशाला करता? भाजी बाजारात मिळते." या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही.

मग आम्ही वाचू लागलो, विचारू लागलो. या शास्त्राचे एक मोठे गुरू मराठीच आहेत, हे तेव्हा कळले. श्रीपाद अच्युत दाभोलकर, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे वडीलबंधू, हे गणिताचे अध्यापक. तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांना हाताशी धरून त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाने नेटके कसे जगावे याचे गणित त्यांनी मांडले आणि 'विपुलाच सृष्टी' हा ग्रंथ लिहिला. पान म्हणजे सूर्यप्रकाश साठविणारा कारखाना. शेतकऱ्याने पिकाआधी पानांची आणि उन्हाची मोजदाद करावी, हा त्यांचा विचार. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन मुंबईत वांद्र्याच्या डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांनी भरलेल्या पिशव्यांतून भाजी आणि फळझाडे वाढविली. २००२ साली तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात खानपान अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी रोज उरणारी साले, देठ आणि खरकटे फेकून न देता त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० नंतर क्यूबाला तेल आणि खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवाना शहरानेही रिकाम्या जागांत वाफे बांधून भाजी पिकविली. तिथे तो पोटाचा प्रश्न होता. आमच्यासारख्यांसाठी नाही, हे कबूल केले पाहिजे.

दोशींची चिपाडे वाचताना आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो वजनाचा. एक घनफूट ओली माती साधारण पन्नास किलो भरते. एक चौरस मीटर गच्चीवर फूटभर मातीचा थर दिला, की पाचशे किलोंहून अधिक भार होतो. आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडील बांधकामाच्या मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो आहे. आम्ही छताशी वैर धरले होते. तेव्हा कोणीही गच्चीच्या मधोमध मातीचे वाफे घालू नयेत. कुंड्या भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर, कडेकडेने ठेवाव्यात. खाली विटेचे दोन तुकडे द्यावेत म्हणजे हवा खेळते आणि पाणी साचत नाही. जुने घर असेल तर जाणत्या अभियंत्याला आधी दाखवावे. आणि मुख्य म्हणजे कुंडीत शेत भरू नये.

काय भरावे? हेही शेवटी काकींनीच शिकविले. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, पण जिना चढून वर आल्या, कुंडीतले ढेकूळ हातात घेऊन फोडू लागल्या, ते फुटेना. म्हणाल्या, मातीलाही श्वास घ्यायला जागा लागते. आमचे आजचे प्रमाण असे: तळाशी चार बोटे वाळकी पाने, पैरा म्हणजे धानाचा पेंढा, किंवा रसवंतीवाल्याकडील वाळविलेली चिपाडे. त्यावर एक भाग मटासी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि एक भाग धानाचे तूस. मटासी ही इथली पिवळसर, कन्हारपेक्षा हलकी माती. तूस तर या भातगिरण्यांच्या मुलखात मागावे तेवढे मिळते. हे मिश्रण ओले करून मुठीत दाबले तर लाडू व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा. महिन्या-दोन महिन्यांत ते खाली बसते. वर पुन्हा खत आणि पाने घालावीत.

भांड्याचा थाट करू नये. पंधरा किलो तेलाचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची रिकामी धुतलेली गोणी, फळवाल्याचा क्रेट, काहीही चालते. मात्र कीटकनाशकाचे वा रसायनाचे पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी खाण्याच्या भाजीसाठी घेऊ नये. तळाला बोटाएवढी चार-पाच भोके हवीत. मेथी, कोथिंबीर, लाल माठ, मुळ्याचा पाला यांना सहा ते आठ इंच खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटो यांना फूटभर खोली आणि पंधरा-वीस लिटरांचे भांडे, एका भांड्यात एकच रोप. दुधी, दोडका यांना त्याच्या दुप्पट आणि वर मांडव. नवशिका एका डब्यात सहा टोमॅटो लावतो, कारण रोपे लहान असताना त्यांचे वेगळे होणे त्याला बघवत नाही. मंडळाच्या कार्यकारिणीतही हीच अडचण येते.

ऊन निदान पाच-सहा तास हवे. ज्यांची गॅलरी उत्तरेला आहे त्यांनी पुदिना, अळू आणि गवती चहावर समाधान मानावे. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर झारी खाली ठेवावी. थंडीत दिवसातून एकदा, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, त्यात डेंग्यूचे डास होतात.

या भागाचे हवामान पुण्या-नाशिकचे नाही, हे तिकडील पुस्तके वाचताना ध्यानात ठेवावे. इथे पाऊस जूनच्या मध्यास येतो, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि थंडी मात्र गोड. म्हणून जूनअखेर भेंडी, चवळी, गवार, दोडका, अंबाडी. ऑगस्ट-सप्टेंबरात टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपे करून पाऊस ओसरताच लावावीत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा नवशिक्याचा सुवर्णकाळ: मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्यात ताटात येते, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. कोथिंबिरीचे धणे लाटण्याने हलकेच दुभंगून, रात्रभर भिजवून पेरावेत आणि दहा-बारा दिवस धीर धरावा. आमच्या त्या दुकानदारावर आमचा राग होता, पण धणे आम्ही अख्खेच पेरले होते आणि आठव्या दिवशी माती उकरली होती. एप्रिल-मे मध्ये हिरवी जाळी बांधावी, पोई आणि पुदिना जगवावा, बाकीच्या मातीला विश्रांती द्यावी. मे महिन्यात टोमॅटोचा हट्ट धरणाऱ्यांची आम्हांस दया येते. तो हट्ट आम्हीही धरला होता.

वेलीला फुले येतात आणि फळ धरत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. दुधी, भोपळा, दोडका यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते. गच्चीवर मधमाश्या थोड्या, म्हणून नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावावा. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते, तेव्हा हे काम सकाळी; दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा ते दिवेलागणीला. हे लग्न लावताना मंगलाष्टके म्हटली नाहीत तरी चालते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला, तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी, तेही ऊन उतरल्यावर. वानरांवर मात्र आम्हांस उपाय सापडलेला नाही. ती येतात, टोमॅटो चाखतात, कच्चा असेल तर फेकून देतात.

खतासाठी झाकणाची जुनी बादली घ्यावी, तिला बाजूने भोके पाडावीत आणि भाजीची साले-देठ एक थर, वाळकी पाने दोन-तीन थर असे टाकीत जावे. घाण वास आला तर समजावे, की ओले जास्त झाले. पाने वाढवावीत, ढवळावे. दोन-तीन महिन्यांत पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागतो. दाभोलकरांच्या परंपरेत काम करणारे दीपक सचदे यांनी मध्यप्रदेशात देवास जिल्ह्यातील बजवाडा येथे 'अमृतजल' रूढ केले: दहा लिटर पाण्यात किलोभर ताजे शेण, लिटरभर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळून, मग दसपट पाण्यात मिसळून कुंडीला द्यावयाचे. आम्ही ते पंधरवड्याला देतो. शेजाऱ्यांना त्याची पूर्वसूचना द्यावी.

आता हिशेब. यातून भाजीचा खर्च वाचतो का? आमच्या वहीप्रमाणे, फारसा नाही. इथल्या बाजारात हिवाळ्यात पालेभाजी इतकी स्वस्त असते, की आमच्या कुंड्यांची किंमत वसूल व्हायला वर्षे लागतील. कांदे-बटाटे कुंडीत करण्याच्या भानगडीत तर पडूच नये. मिरची, कढीलिंब, पुदिना, आळूची पाने आणि हंगामातील पालेभाजी दोन माणसांना पुरते. त्याहून अधिकाचे आश्वासन जो देतो, त्याला कुंड्या विकायच्या असतात, असे आमचे मत झाले आहे. चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत नव्हते.

ते २०१९ च्या पावसाळ्यात मिळाले. त्या जूनमध्ये काकींनी पदराची गाठ सोडून आमच्या हातावर करड्या रंगाच्या, मुतखड्यासारख्या कोनदार बिया ठेवल्या. "तुमच्याच आहेत," त्या म्हणाल्या. १९७८ सालच्या त्या पिकातून आमच्या आईने, पहिल्यांदा इथे आली तेव्हा, कुडावरून त्यांना मूठभर बी दिले होते. त्यांच्या घरची अमारी वेगळी, लाल देठाची. आमची हिरव्या देठाची. काकींनी दोन्ही बारीच्या दोन टोकांना लावल्या आणि दरवर्षी दोन्हींचे बी वेगवेगळ्या मडक्यांत धरून ठेवले. आमच्या बारीवर फरशी पडली त्या वर्षीही, आणि नंतरही. आम्ही त्यांना कधी विचारले नाही, म्हणून त्यांनी कधी सांगितले नाही. गच्चीवरची फुटेना अशी ढेकळे पाहिल्यावर त्यांना वाटले, की आता या लोकांना बहुधा गरज आहे.

त्या बिया आम्ही तेलाच्या दोन डब्यांत लावल्या. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात आणि पाला सव्वा-दीड महिन्यापासून मिळू लागतो. दिवस लहान होऊ लागले, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती फुलावर येतेच, कितीही खुडा. तेव्हा दोन रोपे न खुडता बियांसाठी राखावीत, बोंडे पूर्ण वाळू द्यावीत. त्या दिवाळीत चिरंजीव सहकुटुंब आले. ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणीची फोडणी देऊन भाजी केली होती. नातीने पहिल्या घासाला डोळे मिटून तोंड वेडेवाकडे केले, इतके ते आंबट. आणि दुसरा घास मागितला. चिरंजीव काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी बियांची पुडी मागून घेतली आणि पुण्यातल्या त्यांच्या नवव्या मजल्यावरील गॅलरीला सकाळचे ऊन किती तास असते, हे आठवून आठवून सांगू लागले.

आज दाराशी टेबलावर कागदी पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत हिरव्या देठाच्या आठ आणि काकींच्या लाल देठाच्या आठ बिया आहेत. एका कुटुंबाने एकच पुडी घ्यावी. पाऊस दोन आठवड्यांवर आला आहे. तोवर डबा शोधून ठेवावा, भोके खिळ्याने बाहेरून आत पाडावीत आणि बी अर्ध्या बोटापेक्षा खोल पुरू नये. काकी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना मराठी समजते, फक्त बोलत नाहीत. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी आम्हांला न विचारता त्यांनाच विचारावे.